कागद खरा, व्यवहार खोटा

बीड जिल्ह्यातील दिवाणी न्यायालयांना शेतजमिनीच्या करारपूर्तीचे दावे नवे नाहीत. वादी म्हणतो, प्रतिवादीने अमुक गटातील इतकी जमीन विकण्याचे साठेखत लिहून दिले, इसार घेतला, आणि आता तो खरेदीखत करून देत नाही. न्यायालयाने ते करून द्यावयास लावावे. प्रतिवादी म्हणतो, जमीन विकण्याचा विचारही नव्हता. मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी किंवा विहिरीसाठी व्याजाने पैसे घेतले आणि त्यांच्या तारणासाठी सह्या केल्या. कागद वादीच्या हाती असतो. प्रतिवादीच्या हाती स्वतःच्या शब्दाखेरीज बहुधा काही नसते. अशा वेळी न्यायासनाने कागद वाचून थांबावे, की कागदामागील व्यवहार शोधावा, हा खरा प्रश्न आहे. २०१८ साली संसदेने कायद्यात जो बदल केला त्याने हा प्रश्न सोडविला नाही. त्याने कागदाचे पारडे मात्र अधिक जड केले.

कायद्याची स्थिती प्रथम स्पष्ट समजून घेतली पाहिजे. साठेखत म्हणजे विक्री नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ सांगते की विक्रीच्या कराराने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हेच पुन्हा ठणकावून सांगितले आणि साठेखत, मुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांच्या आधारे होणाऱ्या तथाकथित विक्रीला मालकीहक्काचे मूल्य नाकारले. साठेखताने खरेदीदाराला मिळतो तो एवढाच अधिकार, की ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मागावे आणि ते न मिळाल्यास न्यायालयात जावे. ही दाद विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ खाली मिळते. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, आणि ठरली नसेल तर विकणाऱ्याने नकार दिल्याचे कळल्यापासून ही मुदत मोजली जाते. स्वतः उरलेली रक्कम देण्यास आपण सदैव तयार व राजी होतो, हे वादीला सिद्ध करावे लागते.

या कायद्यात २०१८ पर्यंत आणखी एक महत्त्वाची तरतूद होती. कलम २० अन्वये पूर्ततेचा हुकूमनामा देणे न्यायालयाच्या विवेकावर सोपविले होते. करार कायदेशीर आहे एवढ्याच कारणाने न्यायालय पूर्तता करून देण्यास बांधलेले नव्हते. करार होतानाची परिस्थिती किंवा पक्षकारांचे वर्तन असे असेल की वादीला प्रतिवादीवर अन्याय्य वरचष्मा मिळतो, किंवा पूर्ततेमुळे प्रतिवादीवर पूर्वी न कल्पिलेला असह्य बोजा पडतो, तर न्यायालय पूर्तता नाकारू शके. अर्थात हा विवेक स्वैर नव्हता. किंमत कमी ठरली होती एवढे कारण पुरेसे नव्हे, असे त्याच कलमात नमूद होते. परंतु अडलेल्या माणसाला आपण अडलेलो होतो हे न्यायाधीशाला सांगण्यासाठी एक दार उघडे होते.

१ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ते दार बंद केले. आता कायद्यात सांगितलेले ठरावीक अपवाद वगळता न्यायालयाने पूर्तता करून दिलीच पाहिजे, असा नियम झाला. या बदलाची पार्श्वभूमी पाहण्यासारखी आहे. २०१६ सालच्या तज्ज्ञ समितीपुढे आणि नंतर सरकारपुढेही मुख्यतः रस्ते, पूल, वीजप्रकल्प यांचे मोठे कंत्राटी व्यवहार होते. करार हमखास अमलात येतात अशी देशाची कीर्ती व्हावी, जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या क्रमवारीत भारताचे स्थान उंचावावे, ही त्यामागील आकांक्षा लपून राहिलेली नव्हती. ती क्रमवारी आकडेवारीतील गैरप्रकार उघड झाल्यानंतर २०२१ साली खुद्द जागतिक बँकेनेच बंद केली. नियम मात्र राहिला. महामार्गाचा कंत्राटदार आणि सरकार यांच्यासाठी आखलेला नियम आष्टीच्या माळावरील दोन एकर कोरडवाहूच्या साठेखतालाही तसाच लागू झाला.

बीडमध्ये त्याचा अर्थ काय होतो? या जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटाच्या डोंगररांगांचा आणि पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या जमिनीचा. गोदाकाठ आणि माजलगावचा कालवा सोडला तर पाणी थोडे. म्हणून दसरा झाला की गावेच्या गावे ओस पडतात. ‘कोयता’ म्हणून मोजली जाणारी जोडपी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. उचल फिटत नाही तेव्हा दुसरे कर्ज काढले जाते. बँकेच्या दारात ज्याला उभे करीत नाहीत त्याला गावचा सावकार उभे करतो. परंतु सावकाराला आता गहाणखत नको असते. गहाणखत केले तर परवाना, व्याजाचा दर, हिशेब हे सारे कायद्याचे लचांड मागे लागते. साठेखत केले तर यांपैकी काहीच नाही. कर्जाची रक्कम ‘इसार’ म्हणून लिहावयाची, उरलेली किंमत कोरी ठेवावयाची किंवा ‘रोख पावली’ म्हणावयाचे, आणि परतफेड चुकली की करारपूर्तीचा दावा लावावयाचा. जमीन परत देण्याचा शब्द तोंडी राहतो, किंवा वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला जातो.

ही वेगळी चिठ्ठीदेखील विचारपूर्वक केलेली असते. ‘मुद्दत खरेदी’ हा शब्द मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाचा आहे: खरेदीखत करावयाचे, पण ठरल्या मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत मिळावयाची. असा व्यवहार गहाणच आहे, असे म्हणता येऊ नये यासाठी १९२९ साली मालमत्ता हस्तांतरण कायद्यात घातलेले एक परंतुक सावकाराच्या कामी येते. परतीची अट त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार सशर्त विक्रीचे गहाण मानला जाणार नाही, असे ते परंतुक सांगते. कायद्याचा हेतू खोटे दावे रोखण्याचा असेल. परिणाम असा झाला की अट दुसऱ्या कागदावर लिहिण्याची युक्ती ज्याला ठाऊक, जमीन त्याची.

आता यात न्यायालयाचे पंचांग आणि उसाचे पंचांग यांतील विसंगती मिळवा. दावा दिवाळीनंतर दाखल होतो. बेलिफ समन्स घेऊन येतो तेव्हा घराला कुलूप असते, किंवा घरी म्हातारी आई असते. कुटुंबातील प्रौढ व्यक्तीने घेतलेले समन्स कायद्याने बजावलेले ठरते. कोणीच न भेटल्यास ते दारावर चिकटवून बजावणी पूर्ण करता येते. प्रतिवादी त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात उसाच्या फडात असतो. तारखा पडतात, दावा एकतर्फी चालतो, हुकूमनामा होतो. वादी उरलेली रक्कम न्यायालयात भरतो आणि प्रतिवादी आला नाही म्हणून न्यायालयाच्या वतीने नेमलेला अधिकारी त्याच्या नावाने खरेदीखतावर सही करतो. माणूस परत येतो तेव्हा सातबारावर दुसरे नाव चढलेले असते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची मुदत ३० दिवसांची. ती उलटल्यावर समन्स योग्य रीतीने बजावले नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच. यात कोणी बेकायदा वागले असे म्हणता येत नाही. प्रत्येक पायरी नियमाप्रमाणेच चढली गेली, आणि शेवटी शेतकरी जमिनीला मुकला.

ही गोष्ट नवी नाही आणि तिच्यावरचा उपायही नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. दख्खनच्या त्या दंग्याने एक सत्य परकीय सरकारच्याही ध्यानात आले: शेतकऱ्याचा राग सावकाराच्या देहावर नव्हता, त्याच्या कागदावर होता. कारण त्या कागदाला न्यायालयाचे बळ होते. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. १९०७ साली त्यात कलम १०-अ घालण्यात आले. शेतकऱ्याच्या व्यवहाराविषयी दावा आला तर दस्तात काहीही लिहिलेले असो, व्यवहाराचे खरे स्वरूप न्यायालयाने तपासावे आणि त्यासाठी तोंडी पुरावाही घ्यावा, असे ते कलम होते. परकीय राजवटीच्या कायद्यातही न्यायाधीशाला कागद उलटून पाहण्याचा अधिकार होता. नगरच्या सीमेपलीकडील आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याला मात्र त्याचा लाभ मिळाला नाही, कारण बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

स्वतंत्र भारतानेही हे तत्त्व नाकारलेले नाही. महाराष्ट्राने १९७४ साली आदिवासींच्या जमिनी त्यांना परत देण्याचा कायदा केला आणि १९५७ पासून झालेली हस्तांतरणे, ती कागदोपत्री कितीही निर्दोष असोत, उलटविली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली हा कायदा वैध ठरविला. १९७५ साली अल्पभूधारक, भूमिहीन मजूर आणि कारागीर यांना कर्जमुक्त करणारा कायदा आला. त्यालाही १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली. करार पवित्र असतो, हे खरे. परंतु भुकेल्याने आणि धनवंताने केलेला करार हा दोन समानांचा करार नसतो, हे भारतीय न्यायशास्त्राला मान्य असलेले तत्त्व आहे. दस्त हा केवळ देखावा होता, तो अमलात आणण्याचा उभयतांचा हेतूच नव्हता, हे दाखविण्यासाठी तोंडी पुरावा देता येतो, असेही सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट केले आहे. म्हणजे वाट आहे. मात्र ती शोधून काढण्याचे ओझे ज्याच्याकडे वकिलाची फीही नाही त्याच्या डोक्यावर आहे.

येथे एका आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. करारपूर्तीचा प्रत्येक दावा सावकाराचा नसतो. चार हंगाम कोयता चालवून साठविलेल्या पैशांतून शेजारचा एकरभर तुकडा घेऊ पाहणारे कुटुंबही साठेखतच करते. उरलेले पैसे जमविण्याला वर्ष लागते. तेवढ्यात शिवारातून महामार्गाची किंवा रेल्वेची आखणी जाते, किंमत दुपटी-तिपटीने वाढते, आणि विकणारा इसार परत घ्या म्हणतो किंवा अधिक पैसे देणाऱ्या दुसऱ्याच्या नावे खरेदीखत करून मोकळा होतो. या कुटुंबाला करारपूर्तीचा दावा हाच आधार असतो. न्यायालयाचा विवेक येथे त्यांच्या विरुद्धही जाऊ शके. १९९७ साली तामिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराचा दीर्घ विलंब आणि वाढत्या किमती यांचा एकत्र विचार करून पूर्तता नाकारली होती. गरीब खरेदीदाराचा विलंब हा आळस नसतो, तो त्याच्या मिळकतीचा वेग असतो. तेव्हा पूर्ततेचा हक्कच सैल करावा अशी मागणी कोणी केली तर ती जशी श्रीमंत विक्रेत्याच्या पथ्यावर पडेल, तशीच श्रमिक खरेदीदाराच्या मुळावर येईल.

शिवाय प्रामाणिक खरेदीदाराची वाट कायद्याने निष्कंटक ठेवलेली नाही. ताबा दिल्याचे लिहिलेल्या साठेखतावर महाराष्ट्रात खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क द्यावे लागते. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून घेतलेला असा कागद न्यायालयात पुराव्यात यावयाचा तर तूट आणि दंड भरावा लागतो. २००१ च्या दुरुस्तीनंतर साठेखत नोंदविलेले नसेल तर ताबेदाराला कलम ५३-अ चे संरक्षणही मिळत नाही. भोगवटादार वर्ग दोनची किंवा इनामाची जमीन असेल तर परवानगीचा प्रश्न वेगळाच. दुरुस्त कायदा म्हणतो की समन्स बजावल्यापासून १२ महिन्यांत, फार तर आणखी ६ महिन्यांत दावा निकाली निघावा. न्यायाधीशांची रिक्त पदे न भरता मुदत कायद्यात लिहिणे म्हणजे पाणी नसलेल्या विहिरीवर मोट बांधणे होय. त्यानंतर जिल्हा न्यायालयातील अपील आणि छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढील दुसरे अपील आहेच. इतका काळ थांबणे ज्याच्या खिशाला परवडते, तोच दाव्यात टिकतो. मग तो वादी असो वा प्रतिवादी.

म्हणून पूर्ततेची सक्ती हवी की नको, असा प्रश्न विचारणेच चूक आहे. खरी विक्री कोणती आणि विक्रीचा मुखवटा घातलेले कर्ज कोणते, हा भेद करण्याचे कर्तव्य न्यायालयावर टाकले पाहिजे. हा भेद झाला तर खऱ्या खरेदीदाराला पूर्तता लवकर मिळेल आणि कर्जदाराची जमीन वाचेल. आज दोघांचे कागद सारखे दिसतात म्हणून एकाला उशीर होतो आणि दुसऱ्यावर अन्याय.

हा भेद करण्याचे एक हत्यार राज्याजवळ आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सहकार खात्यातील जिल्हा उपनिबंधकाला चौकशी करता येते, आणि सावकाराने विक्री, गहाण, भाडेपट्टा वा अन्य नावाने मिळविलेली जमीन वस्तुतः कर्जाच्या तारणाची होती असे आढळले तर तो दस्त अवैध ठरवून जमीन शेतकऱ्याला परत देता येते. १९०७ च्या कलमाचाच हा वंशज. परंतु ही चौकशी एका कार्यालयात आणि करारपूर्तीचा दावा दुसऱ्या न्यायालयात, असा दुहेरी संसार शेतकऱ्याला चालवावा लागतो. उपनिबंधकाकडे अर्ज पडून असताना इकडे एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. या दोन यंत्रणांची सांगड कायद्याने घातली पाहिजे.

दिल्लीचा कायदा असल्याने आपले हात बांधलेले आहेत, ही सबब राज्य सरकारने सांगू नये. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूची उघडून पाहावी. करारांविषयीच्या सातव्या नोंदीतून शेतजमिनीसंबंधीचे करार स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. मालमत्ता हस्तांतरणाविषयीच्या सहाव्या नोंदीतूनही शेतजमीन वगळली आहे. उलट राज्यसूचीतील अठराव्या नोंदीत शेतजमिनीचे हस्तांतरण, आणि तिसाव्या नोंदीत सावकारी व शेतीच्या कर्जबाजारीपणाचे निवारण हे विषय राज्याकडे दिले आहेत. संविधानकर्त्यांनी हे अनवधानाने केलेले नाही. शेतजमीन ही बाजारातील इतर वस्तूंसारखी वस्तू नव्हे, ही जाण त्यामागे आहे. अधिकार आहे, इच्छा दाखविणे बाकी आहे.

राज्याने करावयाच्या गोष्टी चार आहेत. अल्पभूधारकाविरुद्ध शेतजमिनीच्या करारपूर्तीचा दावा आला तर, प्रतिवादी हजर असो वा नसो, व्यवहाराचे खरे स्वरूप न्यायालयाने प्रथम तपासावे, अशी तरतूद करावी. सावकारी कायद्याखालील चौकशी चालू असेतो दाव्यात अंतिम हुकूमनामा होऊ नये. ज्या कुटुंबाची उपजीविका त्या एकाच जमिनीवर आहे त्याच्याबाबत, खरेदीदाराची रक्कम वाजवी व्याजासह परत देऊन जमीन राखण्याचा विवेक न्यायालयाला पुन्हा द्यावा. आणि गळीत हंगामात ऊसतोड कामगारावर समन्स प्रत्यक्ष बजावल्याचे सिद्ध झाल्याखेरीज एकतर्फी दावा चालू नये. यासोबतच लहान खरेदीदाराच्या साठेखताची नोंदणी स्वस्त करावी. नोंदलेले साठेखत हीच त्याच्या हक्काची जाहीर सूचना असते आणि दुसऱ्या खरेदीदाराला ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय राहत नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. कार्यकर्त्यांचे काम त्याआधी सुरू होते. टोळ्या निघण्यापूर्वी, भाद्रपद-आश्विनात, गावागावांत बसून कोणी कोणाला कोऱ्या मुद्रांकावर सह्या दिल्या आहेत याची विचारपूस करावी. कर्ज घेणाऱ्याला सांगावे की साठेखतावर सही म्हणजे जमिनीवर सही. जमीन खरोखर घेणाऱ्याला सांगावे की साठेखत नोंदवा, पैसे बँकेतून द्या, पूर्ततेची तारीख लिहा, आणि नकार आल्यास तीन वर्षे हातावर हात धरून बसू नका. हंगामात बंद घरांच्या दारांवर चिकटविलेले समन्स वाचून ज्याचे त्याला कळवावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, आणि दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेल्यांनाही मोफत वकील मिळू शकतो. दुष्काळाच्या जिल्ह्यात हे कलम किती जणांना ठाऊक आहे? तालुका विधी सेवा समितीच्या दारापर्यंत माणसाला घेऊन जाणे हे व्यासपीठावरील भाषणाइतकेच राजकीय काम आहे.

बीडने १९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटील यांना लोकसभेत पाठविले, ते जमीन कसणाऱ्याच्या हक्कासाठी. तो हक्क कुळकायद्याने ज्यांना मिळाला त्यांच्या नातवंडांच्या हातून तो आज मोर्चे काढून कोणी हिसकावून घेत नाही. तो एका सहीने, एका तारखेने, एका न वाचलेल्या समन्सने जातो. तेवढ्याच बारकाईने तो राखला पाहिजे.